बाहुली दिसली की बांधकाम

आजच्या या दुहेरी समारंभाचे अध्यक्ष आणि कोद्रास नगरपालिकेचे कर्तबगार नगराध्यक्ष माननीय शेफ्चेत बालिऊ, राजधानीहून वेळात वेळ काढून आलेल्या आमच्या भूमापन खात्याच्या संचालिका माननीय दोनिका श्तुला, व्यासपीठावर कोपराला कोपर लावून बसलेले मान्यवर, समोरचे माझे सहकारी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले माझे गावकरी बंधू-भगिनी, आपणा सर्वांना या थोमाक प्रिफ्तीचा नमस्कार.

भिंतीला टेकलेल्यांनी जरा जपून. रंग ओला आहे. हे सभागृह मागच्या महिन्यात पूर्ण झालं, पण भिंती अजून सुकत नाहीत. खालून ओल येते. का येते, ते पुढे ओघात येईलच.

आज दोन कार्यक्रम एकत्र आहेत. अडतीस वर्षं जमीन मोजून मी निवृत्त होतोय, हा एक. आणि देशातल्या सगळ्या नगरपालिकांमध्ये विकासात आपली कोद्रास पहिली आली, हा दुसरा. त्या निळ्या मखमलीवर ठेवलेलं सन्मानचिन्ह दुसऱ्या कार्यक्रमाचं. माझ्यासाठी चांदीची मोजपट्टी आहे. वक्त्यांनी दोन्हींची अशी सरमिसळ केली, की कोण निवृत्त होतंय आणि कोण पहिलं आलंय, हे माझं मलाच कळेना. एका वक्त्याने तर मला "विकासाचा शिल्पकार" म्हटलं. बाबा रे, तू मनापासून बोललास हे मला माहीत आहे. म्हणूनच ते मला जास्त टोचलं.

बसा, बसा, उठू नका. अध्यक्षांनी मला अर्धा तास दिला आहे, आणि मी तो पुरता वापरणार आहे. भिंतीवरच्या घड्याळात आत्ता पावणेचार वाजलेत. बरोबर चारला जमीन-नोंदवही बंद होते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकदा बंद झाली की पुढची पाच वर्षं त्यात काना-मात्रा बदलत नाही. माझ्या सहीची किंमतही चारलाच संपते. उद्यापासून सही अध्यक्षांचे जावई करतील. ते बघा, दुसऱ्या रांगेत बसलेत. बुटांना छान पॉलिश आहे. जावईबापू, या धंद्यात ते टिकणार नाही, एवढंच सांगतो.

आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, रबरी बूट घालून पोलिक्सेनी मावशी बसल्या आहेत. मघाशी दारातल्या मुलीने त्यांना बूट बाहेर काढायला सांगितले, गालिचा खराब होईल म्हणून. मावशींनी ऐकलं नाही. बरं केलं. त्यांचं साडेसहा दुनुमाचं, पाऊण हेक्टरही न भरणारं शेत नोव्हेंबरपासून गुडघाभर पाण्यात आहे. फेब्रुवारीअखेर पाणी उपसलं नाही, तर या वर्षी तिथे काही पेरता येणार नाही. आज चारला वही आहे तशी बंद झाली, तर पाच वर्षं पेरता येणार नाही. मावशी एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. हिशेब तुम्हीच करा.

आमचा रेफात कुठे दिसत नाही, असं मघापासून चारजणांनी विचारलं. एकतीस वर्षं मोजणीच्या फितीचं दुसरं टोक ज्याने धरलं, तोच निरोपाला नाही, बरं दिसत नाही म्हणे. त्याला एक काम सांगितलंय. येईल.

तर, विकास. हा शब्द मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. तेव्हा राज्य वेगळं होतं आणि भिंतीवरची तसबीर वेगळी होती. आपलं हे मैदान म्हणजे सगळी दलदल. माझ्या वडिलांनी, तुमच्या आजोबांनी कंबरेएवढ्या चिखलात उभं राहून चर खणले. थंडीतापाने माणसं मेली. पाण्यातून जितकी जमीन वर आली तितका विकास, असा तेव्हाचा हिशेब, आणि तो तितकासा वाईट नव्हता. पण दर शनिवारी चौकातल्या काळ्या फळ्यावर हेक्टरांचा आकडा लिहायचा असे आणि तो मागच्या शनिवारपेक्षा मोठा असावा लागे. मग काय, जिथे बेडूक ओरडत होते तिथेही आम्ही "लागवडीयोग्य" लिहिलं. मी तरुण होतो. साहेब म्हणाले लिही, मी लिहिलं. पुढे राज्य गेलं. मला वाटलं, चला, फळा गेला.

फळा गेला नव्हता. फक्त राजधानीत जाऊन बसला होता.

दोनिकाबाई, आपण पाहुण्या आहात, मनावर घेऊ नका. घेतलंत तरी चालेल. एखादा मुलूख पुढे गेला की मागे, हे कसं ओळखायचं? पोरं काय शिकली ते बघायला शाळेत जावं लागतं. माणसं का गाव सोडून जातात ते विचारायला त्यांच्या ओट्यावर बसावं लागतं, ती देतील ती कॉफी प्यावी लागते. एवढा वेळ कोणाला आहे? त्यापेक्षा जमीन बरी. जमीन बोलत नाही. तिचे दोन रकाने करा, एक "शेती" आणि एक "बांधलेली". दुसरा रकाना फुगला की विकास झाला. खात्याचं असं परिपत्रक आलं तेव्हा मी ते रेफातला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे माझं पोट वाढलं ते तब्येत सुधारली म्हणूनच ना?"

पण मी दुसऱ्यांवर शिंतोडे उडवायला उभा नाही. या गोष्टीतली पहिली घाण माझी आहे, ती आधी सांगतो.

परिपत्रकात लिहिलं होतं, बांधकाम सुरू झालेली जमीन ही बांधलेली धरावी. आता सुरू झालं हे कसं ठरवायचं? नियमाने प्रत्येक शेतात पायी जाऊन फीत लावायला हवी. पण हिवाळ्यात आपल्याकडचा चिखल तुम्हाला माहीत आहे, बूट आत राहतो आणि पाय वर येतो. त्या वर्षी मी आणि रेफात हमरस्त्यावरच्या खानावळीत शेगडीजवळ बसलो होतो. माझ्या हातात दुर्बीण होती. मी म्हटलं, "रेफात, समोर बघ. ज्या खांबांवर बाहुली टांगलीय तिथे काम सुरू झालंय. मग इतक्या लांब जायचं कशाला?"

रेफात म्हणाला, "आणि कोणी उगाच टांगली असेल तर?"

मी म्हटलं, "वेडा आहेस का? घर उठायला लागलं की दृष्ट लागू नये म्हणून माणूस बाहुली टांगतो. रिकाम्या जागेवर बाहुली टांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने अपशकुन करणं. आपल्याकडे कोण करील ते?"

कॉफी गरम होती, बाहेर पाऊस होता. मी खानावळीत बसून पंचवीस घरं नोंदवली. घर हाताएवढं, पण शेत सगळंच्या सगळं "बांधलेली"च्या रकान्यात. कारण खात्याचा तक्ता अख्ख्या शेताचा, खोलीचा नाही. पुढच्या वर्षी तीच पद्धत. मग ती कचेरीची रीत झाली. नवीन पोरांना मीच शिकवलं, बाहुली दिसली की बांधकाम. पुढे पुढे तर लोक ते हसत हसत म्हणायला लागले. मीही हसलो.

आणि ही गोष्ट एके दिवशी अध्यक्षांना कळली.

शेफ्चेत, तू आणि मी शाळेत एका बाकावर बसलो आहोत. तुझी गणितं मी करून देत होतो, त्यामुळे तुला आकडे आवडतात यात माझाही दोष आहे. पण बाबा, जुन्या कपड्यांच्या बाजारातून पोत्यांनी बाहुल्या आणवाव्यात? कापसाची अस्वलं, कान तुटलेले ससे, केस उपटलेल्या बाहुल्या ट्रॉलीत भरून आल्या. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी चार खांब उभे करून ग्रीसची वाट धरली, त्यांच्या खांबांवर टांगल्या. खांब संपले तेव्हा कोबीच्या वाफ्यात नुसते बांबू रोवून त्यांवर टांगल्या. अपशकुनाला आपण एवढे भिणारे लोक, पण एकाने हूं की चूं केलं नाही. पहिला नंबर यायचा होता ना. आणि मी ते दुर्बिणीतून पाहिलं, बांबूसुद्धा पाहिला, आणि लिहिलं, बांधलेली.

का लिहिलं? भीती नव्हती. कोणी काही देऊही केलं नव्हतं. सवय होती. एवढंच. मला माझी शिसारी येते ती याच्यासाठी.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो. "आवरतं घे. जेवण थंड होतंय." पडद्यामागून टर्कीचा वास येतोय खरा. पण मला आठ दिवस नाकात दुसराच वास बसलाय, कुजलेल्या लसूणघासाचा. तो ज्याने घेतला त्याला टर्की जाणार नाही. चारला पाच मिनिटं आहेत. थांबा थोडे.

आपल्या नियमात अजून एक कलम आहे. आपल्या शेतांचे सात गट आहेत; एखाद्या गटातली निम्म्याहून जास्त जमीन बांधलेली झाली, की तो गट शेती राहत नाही, वस्ती होतो. वस्तीला शेतातलं पाणी उपसणारं पंपघर कशाला? गट सात हा एकशे चाळीस हेक्टरांचा. निम्मे म्हणजे सत्तर. यंदा माझ्या वहीतला आकडा आला सत्तर हेक्टर चार दुनुम. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला पंपघराला कुलूप लागलं. इथे पंप थांबला म्हणजे काय होतं, ते सांगायला नको. आपण सगळे एका भांड्याच्या तळाशी राहतो; या भिंतींची ओलही त्याच पाण्याची.

दहा दिवसांनी पोलिक्सेनी मावशी कचेरीत आल्या. म्हणाल्या, "थोमाक, शेतात पाणी आलंय."

मी म्हटलं, "मावशी, पंपघर बंद झालंय. गट सात आता वस्ती आहे."

"कोण राहतं तिथे?"

मी वही उघडून दाखवली. क्रमांक अठ्ठेचाळीस, साडेसहा दुनुम, बांधलेली.

"काय बांधलंय?"

"घर."

"कोणाचं?"

"तुमचं, मावशी."

त्यांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "असं? मग त्या घराची किल्ली दे. घोटाभर पाण्यात गाय उभी आहे, तिला तिथे नेऊन बांधते."

माझ्याकडे किल्ली नव्हती. गाय शेवटी शेजाऱ्याने नेली.

मावशींच्या शेतात चार खांब आहेत, खोटं नाही. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या क्रिस्ताकने उभे केले, लग्न करून तिथे राहायचं म्हणून. मग तो ग्रीसमधल्या यानिनाला गेला तो तिकडेच राहिला. रविवारी फोन करतो. त्या खांबांवरची बाहुली अध्यक्षांच्या पोत्यातली नव्हे. ते क्रिस्ताकचं लहानपणचं अस्वल, एका डोळ्याच्या जागी मावशींनी शिवलेलं कोटाचं बटण. चौदा पावसाळे ते तिथे लोंबकळतंय. काढायचं म्हणजे घर होणार नाही असं म्हणायचं, म्हणून त्यांनी काढलं नाही. आता गणित बघा. सत्तर हेक्टर चार दुनुमांतून साडेसहा दुनुम वजा केले की सत्तर भरत नाहीत. पंपघराला कुलूप लागलं ते या अस्वलामुळे आणि माझ्या दुर्बिणीमुळे.

शेवटी दोन आठवड्यांपूर्वी मी अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, "शेफ्चेत, पंप सुरू कर. निदान पेरणीपुरता."

ते म्हणाले, "अरे, पंप लावला म्हणजे तिथे शेती आहे हे आपणच कबूल केलं. नंबर जाईल."

"बाई बुडतेय."

"एक बाई बुडतेय आणि नगरपालिका वर येतेय. मोजणीदार ना तू? मग तूच सांग, आकडा कुठला मोठा?"

 घरी आलो. बायकोने वाढलेला घेवडा तसाच ठेवून उठलो. तीन रात्री अशाच गेल्या. चौथ्या दिवशी मावशी पुन्हा आल्या. ओलं अस्वल माझ्या वहीवर ठेवलं. शाई पसरली. म्हणाल्या, "हे काढलं. आता घर नाही असं लिही." आणि दारातून वळून म्हणाल्या, "क्रिस्ताकला सांगितलं नाहीये अजून. तूही सांगू नकोस."

मी अडतीस वर्षं माणसांच्या जमिनी मोजल्या. एका बाईला पोराचं अस्वल उतरवून ते पुरावा म्हणून माझ्या टेबलावर ठेवावं लागलं, त्या दिवशी मला माझ्या शिक्क्याला हात लावायची किळस वाटली.

माफ करा, खिशात फोन थरथरतोय. नाही, घेतो. रेफातचाच आहे. मोठ्याने वाचतो. "थोमाक, आवक नंबर मिळाला. तीन वाजून त्रेपन्न मिनिटं. खिडकीतल्या बाईने दोनदा शिक्का मारला, पहिला पुसट आला होता. आता कोफ्ते खातो."

बरं झालं. आता पाणी पितो.

हां. तर रेफात कुठे आहे, ते विचारत होतात. तो राजधानीत आहे, दोनिकाबाईंच्याच कचेरीच्या आवक खिडकीवर. सकाळच्या गाडीने त्याला पाठवलं. गेले आठ दिवस आम्ही दोघे, एकशे सव्वीस वर्षांचे मिळून, गट सात पायी मोजत होतो. नियमाप्रमाणे, फीत लावून. रेफात पुढे, मी मागे. मध्येच तो ओरडायचा, "थोमाक, इथे विकास घोट्यापर्यंत आहे, तिकडे गुडघ्यापर्यंत होईल बघ."

एकशे एक शेतांत बाहुल्या निघाल्या. त्यांतल्या एकतीस नुसत्या बांबूवर. खरं काँक्रीट सगळं मिळून भरलं नऊ दुनुम. लोक राहतात अशी घरं अकरा, आणि त्या अकराही घरांत पाणी आहे. माझी सही असलेला हा अहवाल तीन वाजून त्रेपन्न मिनिटांनी आवक झाला. पायी मोजलेला अहवाल आवक झाला की नियमाने नोंद तिथल्या तिथे बदलते, म्हणून त्याच मिनिटाला गट सात पुन्हा शेती झाला. आणि शेतीचा पंप बंद ठेवणं हा गुन्हा आहे, त्याचं कलम दोनिकाबाईंना पाठ आहे. बाई, आपण हो म्हणताय की नाही? हो म्हणताय. आभारी आहे. बाकीचे सहा गट मोजायला नोकरी उरली नव्हती, म्हणून त्यांच्या पानांवर मी लिहून ठेवलंय, "दुर्बिणीतून मोजलेले, विश्वास ठेवू नये." खाली माझीच सही आहे.

चार वाजले. शेफ्चेत, फोन खाली ठेव, आता उपयोग नाही.

पहिला नंबर गेला. आता कितवा येतो ते मी मोजलं नाही, मला त्यात रस नाही. सन्मानचिन्ह मखमलीसकट दोनिकाबाईंनी परत न्यावं. चांदीची मोजपट्टीही मी ठेवून घेत नाही, ती जावईबापूंना देतो. तिच्याने काही मोजता येणार नाही, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी तेवढं कळलं तरी पुष्कळ. आमच्या हातून एवढंच झालं गावकऱ्यांनो, की तरुणपणी आम्ही पाण्याला जमीन लिहिलं, म्हातारपणी जमिनीला घर लिहिलं, आणि त्या घरांचं पुन्हा पाणी झालं. तुम्ही त्यावर टाळ्या वाजवल्या. आत्ताही कोणीतरी वाजवतंय. राहू द्या.

समारोपाकडे येतो. ज्यांनी हा समारंभ योजला, हार आणले, माइक लावला, ज्यांनी मागे टर्की भाजली, त्यांचे मनापासून आभार. ज्यांना माझ्यामुळे आज जेवण जाणार नाही त्यांचेही. बोलण्याच्या भरात कमी-जास्त शब्द गेला असेल, कोणाच्या मानापानात चूक झाली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मोजणीत जे जास्त लिहिलं, ते मात्र घालू नका.

पोलिक्सेनी मावशी, तुमचं अस्वल माझ्याकडे आहे. शेगडीजवळ टांगून सुकवलंय, शाईचा डाग गेला नाही. ते परत खांबांवर टांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही आणि क्रिस्ताक ठरवा. माझ्या कचेरीतून आता त्याच्याकडे कोणी बघणार नाही. वहीत मी एवढंच लिहिलंय. क्रमांक अठ्ठेचाळीस, साडेसहा दुनुम, शेती.